खुशालभाऊचं परदेशातलं खातं

नागभीडच्या तहसील कचेरीसमोर दुकानांची ओळ आहे, तिच्यात खुशाल रामटेके याचं संघमित्रा ऑनलाइन सेंटर आहे. जातीचे दाखले, सातबारा, पॅनकार्ड, धानविक्रीची नोंदणी, पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळी कामं तिथं होतात. माणूस कामाला चोख. आधारवरचं चुकलेलं नाव दुरुस्त करून घ्यावं तर त्याच्याकडूनच, असं आसपासच्या खेड्यांत बोललं जातं. पण कोणी त्याला सेंटरवाला म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडते. कारण खुशाल लेखक आहे. 'दाहक पाऊलवाट' नावाची तीनशे बारा पानांची कादंबरी त्यानं लिहिली आणि पदरचे पैसे घालून नागपुरातून छापून आणली. पाचशेपैकी दीडशे प्रती त्यानं आपल्या हातानं वाटल्या. ज्यांना दिल्या त्यांच्यापैकी कोणी पुढे भेटल्यावर कादंबरीचा विषय काढला नाही. खुशालनंही काढला नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याला कळलं की परदेशातल्या एका साइटवर कोणालाही आपलं पुस्तक विकायला ठेवता येतं. मागणी आली की ते तिकडेच छापतात, तिकडेच घरपोच देतात आणि लेखकाची रॉयल्टी लेखकाला पाठवतात. अडचण एवढीच होती की ती साइट आपल्याकडच्या बँकेत पैसे पाठवत नव्हती. खातं तिकडच्या बँकेतलं पाहिजे. खुशालनं आठ दिवस खपून त्याचाही रस्ता काढला. एक कंपनी घरबसल्या अमेरिकेतल्या बँकेत तुमच्या नावानं खातं उघडून द्यायची. डॉलर तिथं जमा होणार आणि मग रुपये होऊन इथल्या खात्यात येणार. फोटो, पॅनकार्ड, राहत्या पत्त्याचा पुरावा, मी तिकडचा नागरिक नाही असं लिहून द्यायचा कराचा फॉर्म, सगळं त्यानं एकट्यानं पार पाडलं. खात्याचा नंबर आला त्या दिवशी त्यानं बायकोला, कांताला, दुकानात बोलावून तो दाखवला. कांतानं चौकातून पेढे आणून शेजारच्या दुकानांत वाटले.

त्या खात्यात पुढे काहीच आलं नाही. कादंबरीची एक प्रत विकली गेली. ती खुशालनंच मागवली होती, छपाई कशी आहे ते बघायला.

सोमारी पुंगाटी त्याच्या दुकानात आली ती त्यानंतर वर्षभरानं. गावापासून दोन कोसांवरच्या आश्रमशाळेत ती स्वयंपाकाला होती. पस्तिशीची, बारीक अंगाची, बोलायला कमी. तिचं माहेर एटापल्लीकडे, सूरजागडच्या डोंगरांच्या पायथ्याला. बाप झाडू पुंगाटी टोपल्या विणण्यात त्या भागात नावाजलेला होता. त्याची नजर जाऊ लागली तेव्हा सोमारी सुटीत घरी जाऊन त्याच्या शेजारी बसायची आणि तो हातानं करून दाखवील ती वीण वहीत काढून घ्यायची. सूप, टोपली, धानाची ढोली, मासे धरायचा सापळा. बांबूची कोणती कामटी कोणत्या कामटीखालून काढायची, कुठं वळवायची, कुठं दाबून धरायची, सगळं चित्रात. अक्षर एक नाही. फक्त आकडे आणि बाण.

शाळेतल्या रंजीता मॅडमनं ती वही पाहिली होती. बदली होऊन जाण्याआधी त्यांनी सोमारीला सांगितलं होतं की परदेशात हौसेनं टोपल्या विणणारी माणसं पुष्कळ आहेत आणि असलं पुस्तक ती विकत घेतात. म्हणून सोमारी वही घेऊन खुशालकडे आली. खुशालनं चौसष्ट पानं स्कॅन केली, नीट लावली, साइटवर चढवली. हे सगळं करताना तो मनातल्या मनात हसत होता. ज्यात एक शब्द नाही त्याला ही बाई पुस्तक म्हणते, याची त्याला गंमत वाटत होती. त्या गमतीतच त्यानं पैसे थोडे कमी घेतले.

दोन महिन्यांत पुस्तक विकलं जाऊ लागलं. आधी आठवड्याला एक-दोन, मग रोज. सोमारीकडे साधा फोन होता, त्यामुळे साइटचा पासवर्ड खुशालकडेच होता. सकाळी शटर वर केलं की तो आधी सोमारीचं पान उघडायचा. काल पाच. आज अकरा. मग स्वतःचं पान उघडायचा. तिथं नेहमीप्रमाणे शून्य. मग दिवसभर गिऱ्हाईक समोर असलं तरी त्याचं चित्त त्या अकरांवर. एखाद्या दिवशी तिची विक्री कमी दिसली की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिकडची माणसं पुस्तकाखाली अभिप्राय लिहीत. एका बाईनं लिहिलं होतं की नवरा गेल्यापासून तिचे हात रिकामे होते, या पुस्तकानं तिच्या हातांना काम दिलं. ज्यानं ही चित्रं काढली त्याला विणणाऱ्याची बोटं कुठं अडतात ते बरोबर कळतं. खुशालनं ते चार वेळा वाचलं. आपल्या कादंबरीबद्दल असं एक वाक्य कोणी लिहिलं असतं तर त्यानं ते फ्रेम करून भिंतीला लावलं असतं. बाजाराच्या दिवशी सोमारी आली आणि तिकडचे लोक काय म्हणतात असं तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "चांगलं हाय म्हणतेत." तेवढ्यावर ती खूश होऊन गेली.

रॉयल्टी साइटवर साचत चालली तसा खात्याचा प्रश्न आला. सोमारीनं सरळ विचारलं, तुमचं तिकडं खातं आहे ना भाऊ, त्यात येतील का पैसे. खुशालला सांगावं लागलं की चालत नाही, पुस्तक ज्याच्या नावानं त्याच्याच नावाचं खातं लागतं. हे सांगताना त्याला वाटून गेलं की काय तऱ्हा आहे, माझं खातं आहे तर पैसे नाहीत आणि हिचे पैसे आहेत तर खातं नाही. मात्र त्या दिवशी त्यानं मन मोठं केलं. तिचा अर्ज त्यानं स्वतः भरला. पॅनकार्ड झालं, फोटो झाला, कराचा फॉर्म झाला. अडलं ते पत्त्यावर. आधार एटापल्ली तालुक्यातल्या गावाचं, राहणं शाळेच्या खोलीत. कंपनीनं कळवलं की राहत्या पत्त्यावर आम्ही पत्र पाठवू, त्यात सहा आकडी कोड असेल, तो पंचेचाळीस दिवसांत भरा, म्हणजे खातं सुरू होईल. शाळेत टपालाचा भरवसा नव्हता. तेव्हा खुशालच म्हणाला की माझ्या दुकानाचा पत्ता दे, मी सांभाळून ठेवतो.

या गोष्टीला पंधरा दिवस झाले असतील. दुपारी वामनराव दुकानात आले. वामनराव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, तालुक्याच्या साहित्य संमेलनाचे कर्तेधर्ते. त्यांना दारात पाहताच खुशालनं गिऱ्हाईक बाजूला बसवलं, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. सहा वर्षं तो संमेलनाच्या निमंत्रणाची वाट पाहत होता. दरवर्षी त्याला मंडपात बसायला बोलावत, मंचावर कधी नाही. वामनराव चहा पिता पिता म्हणाले की यंदा आम्ही एका स्थानिक लेखकाचा सत्कार ठेवला आहे, ज्याचं पुस्तक बाहेरच्या देशांत वाचलं जातं. खुशालच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपली कादंबरी साइटवर आहे हे यांना कुठून तरी कळलं, असं त्याला वाटलं. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला की एवढं काही मोठं काम नाही माझं, सर.

वामनराव घोटाळले. मग म्हणाले, "तुझं नाई खुशाल. ते आश्रमशाळेतली बाई, सोमारी. तिचा पत्ता तुझ्याकडे भेटन म्हणून आलो मी." आणि जाता जाता त्यांनी सांगितलं की तिची चित्रं पडद्यावर दाखवायची आहेत, तर प्रोजेक्टरचं तू सांभाळ, तुझ्यासारखं ते कोणाला जमत नाही.

गिऱ्हाईक सगळं ऐकत बसलं होतं. खुशालनं त्याचा दाखला काढून दिला आणि त्यात बापाचं नाव चुकवलं. अशी चूक त्याच्या हातून कधी होत नसे.

त्याच आठवड्यात पोस्टमन दिनेशनं पत्र आणून दिलं. लांबट पांढरा लिफाफा, वर परदेशी शिक्का आणि टाइप केलेलं नाव: सोमारी झाडू पुंगाटी. खुशालनं तो हातात धरला. त्याचं स्वतःचं खातं पॅन आणि वीजबिलावर झालं होतं. असं पत्र त्याला कधी आलं नव्हतं. परदेशातून कोणी लिफाफ्यावर नाव घालून पाठवावं, तर तेही तिलाच. त्यानं टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला, प्रिंटरच्या कागदांखाली लिफाफा सरकवला आणि ड्रॉवर बंद केला. देणारच नाही असं काही त्यानं ठरवलं नव्हतं. त्या दिवशी द्यायचं नाही, एवढंच ठरलं होतं.

बाजाराच्या दिवशी सोमारी आली. पिशवीत भाजी, केसांना तेल. म्हणाली, "भाऊ, पत्र आलं का?"

"नाई आलं अजून," खुशाल म्हणाला.

ती बरं म्हणून गेली. पुढच्या बाजाराला पुन्हा आली. त्यानं सांगितलं की तिकडचं टपाल समुद्रावरून येतं, वेळ लागतो. तिसऱ्या बाजाराला तर तो स्वतःच आधी बोलला की अजून काही नाही बरं का. खोटं बोलणं दर खेपेला सोपं होत गेलं. ती गेल्यावर तो तिचं पान उघडायचा. विक्री चालूच होती आणि पैसे तिकडे अडकून पडले होते, तिला मिळत नव्हते. हे पाहून त्याच्या जिवाला थोडा थंडावा मिळायचा. खोटं बोलावं लागतं म्हणून त्याला लाज वाटायची, पण थंडावा लाजेपेक्षा जास्त होता. दुकान बंद करून घरी जाताना मात्र लाज वर यायची आणि जेवण जायचं नाही.

दुकानात मदतीला येणाऱ्या कांताला ते कळलं स्टेपलरच्या पिना शोधताना. लिफाफा हातात घेऊन तिनं नाव वाचलं, शिक्क्यावरची तारीख पाहिली.

"हे सोमारीचं हाय नं?" तिनं विचारलं.

"देतो," खुशाल म्हणाला.

कांतानं लिफाफा होता तिथं ठेवला. ती भांडली नाही. पण पुढच्या बाजाराला सोमारी दुकानाशी आलेली दिसली, तेव्हा दर वेळी चहा घेऊन बाहेर येणारी कांता दुकानाच्या मागच्या खोलीतून हललीच नाही. खुशालला ते कळलं. सोमारीलाही कळलं असावं, कारण तिनं मागच्या दाराकडे एकदा पाहिलं.

त्या दिवशी तिनं पत्राचं विचारलं नाही. बाकावर बसली, पिशवी पायाशी ठेवली. दुकानात कोणी नव्हतं. खुशालनं सवयीनं म्हटलं की नाही आलं अजून.

सोमारी म्हणाली, "दिनेशभाऊ भेटले होते मले पोस्टात. ते म्हणतेत, पत्र तुमाले देऊन लय दिवस झाले."

खुशालचा हात माउसवर होता, तो त्यानं काढून मांडीवर ठेवला.

"मले मागच्याच बाजाराले मालूम होतं," ती म्हणाली. "म्हटलं, भाऊ देतील. म्हून नाई बोलली."

खुशालनं ड्रॉवर उघडला, कागद उचलले आणि लिफाफा तिच्यासमोर टेबलावर ठेवला. माझी चूक झाली, विसरलो होतो, असं काहीतरी म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते खोटं आता या बाईसमोर चालणार नाही, हे त्याला दिसत होतं. शेवटी तो म्हणाला, "तुह्या पुस्तकात एक शबुद नाई, सोमारी. मी तीनशे बारा पानं लिवली. माह्या खात्यात दोन वर्षांपासून काहीच नाई. लोक तुले लेखिका म्हणून राह्यले."

सोमारीनं लिफाफा उघडला नाही. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण आवाज चढला नाही.

"मले शबुद येत नाई म्हून चित्रं काढली," ती म्हणाली. "माह्या बाबाचं पुस्तक होय ते. पैशे आले की त्याचा डोळा दाखवाचा होता चंद्रपुराले. डॉक्टर म्हणे, लवकर आणा. महिना गेला नं भाऊ."

खुशालला हे माहीत नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं. तिच्या पैशांचा हिशेब त्याला तोंडपाठ होता, ते कशासाठी हवेत हे मात्र नाही.

कोड भरायला चार दिवस उरले होते. खुशालनं पान उघडून दिलं आणि खुर्चीवरून उठला. सोमारी त्याच्या खुर्चीत बसली, लिफाफा फाडला आणि एकेक आकडा बघून बघून दाबला. हिरवी खूण आली. दोन दिवसांनी खात्याचा नंबर आला आणि तिसऱ्या आठवड्यात साइटनं साचलेली सगळी रॉयल्टी एकदम सोडली. सोमारीनं शाळेतून रजा घेतली आणि बापाला घेऊन चंद्रपूरला गेली. झाडूच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं आता करून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो डोळा महिनाभर आधी दाखवला असता तर वाचला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. सोमारीनं हे खुशालला सांगितलं नाही. ते त्याला कांताकडून कळलं, आणि कांतानं ते जेवताना, त्याच्याकडे न बघता सांगितलं.

संमेलन जानेवारीत झालं. प्रोजेक्टर खुशालकडेच होता. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. मंडपाच्या मागच्या टोकाला टेबलापाशी तो बसला आणि मंचावर सोमारी. वामनरावांनी शाल घातली, लेखिका हा शब्द सात-आठ वेळा वापरला. प्रत्येक वेळी खुशालला तो टोचला. एवढं सगळं होऊनही टोचला, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. मग सोमारी बोलायला उभी राहिली. भाषण तिला येत नव्हतं. ती म्हणाली की हे माझ्या बाबांच्या हाताचं काम आहे, मी फक्त काढून घेतलं. रंजीता मॅडमनं सुचवलं आणि खुशालभाऊंनी पानं स्कॅन करून तिकडे चढवली, खात्याचा फॉर्मही त्यांनीच भरला, नाहीतर मला हे जमलं नसतं. एवढं बोलून ती बसली.

टाळ्या पडल्या. काही लोकांनी मागं वळून खुशालकडे पाहिलं. तिनं सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. मधला महिना तिनं वगळला होता, एवढंच. खुशालनं पुढचं चित्र लावलं, मासे धरायच्या सापळ्याचं, आणि पडद्याकडे बघत राहिला. तिनं चारचौघांत त्याला उघडं पाडलं असतं तर त्याला तिचा राग करता आला असता. तेही तिनं ठेवलं नाही. एवढं मोठं मन आपल्याला कधी झालं असतं का, याचाही त्याला हेवा वाटला, आणि हा हेवा डॉलरच्या हेव्यापेक्षा जड होता.

दुसरं पुस्तक सोमारीनं चंद्रपुरात जाऊन स्कॅन करून घेतलं. पासवर्ड बदलून घेतला, आता तिच्याकडे स्मार्टफोन आहे. खुशालच्या दुकानात ती येते, पण झेरॉक्सपुरती. कांता तिच्यासाठी पुन्हा चहा घेऊन बाहेर येते. दोघी बाहेरच्या बाकावर बसून बोलतात. खुशालला आतून ऐकू येत नाही.

खुशालनं नवी कादंबरी लिहायला घेतली आहे. सव्वाशे पानं झाली. कोणाला वाचून दाखवली नाही. परदेशातलं खातं त्यानं बंद केलेलं नाही. कंपनी वर्षाला एकदा पत्ता तोच आहे का म्हणून विचारते आणि तो होय म्हणून कळवतो.

सोमारी झेरॉक्सला आली की कागद मशीनमध्ये घालताना, तिच्याकडे पाठ करून, तो तिला दर वेळी एक गोष्ट विचारतो. या महिन्यात किती गेली. ती आकडा सांगते, न लपवता, न वाढवता. ऐकल्यावर त्याचा तो दिवस खराब जातो. पुढच्या बाजाराला तो पुन्हा विचारतो.